थोरलीची जागा आणि धाकटीचा वाटा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन आणि जॉर्ज इलियट यांच्या कादंबऱ्या एम.ए.ला वाचताना असे जाणवत राहते की या घरांतल्या बहिणी एकमेकींच्या लग्नावर डोळा ठेवून असतात, भाऊ बहिणींचे देणे टाळतात आणि आया मुलामुलांत डावे-उजवे करतात. हा स्त्रीस्वभाव म्हणून या लेखिका दाखवतात, की कथानक रंगावे म्हणून भावंडांत भांडणे लावतात? आणि स्वतः स्त्रिया असून त्यांनी स्त्रियांना इतके हेवेखोर का रंगवले?

बरीच वर्षे या कादंबऱ्या वर्गात शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. या कादंबऱ्यांतला भावंडांचा हेवा घरातल्या वाटणीतून सुरू होतो आणि कालांतराने स्वभाव होऊन बसतो. कोणाला किती मिळणार, केव्हा मिळणार आणि कोणाच्या मर्जीने मिळणार हे कायद्याने आणि रूढीने आधीच ठरलेले असते; मुले त्या ठरलेल्या घरात जन्माला येतात आणि त्या मापानेच एकमेकांकडे पाहायला शिकतात. म्हणून विद्यार्थ्यांना माझे पहिले सांगणे असते की पात्रांच्या भावनांकडे वळण्याआधी त्यांचे पौंड मोजा. ऑस्टिन हे आकडे सहसा लपवत नाही. पुष्कळदा ती ते पहिल्याच प्रकरणात देऊन टाकते.

कायद्याची पार्श्वभूमी आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याहून वेगळे कायदेशीर अस्तित्व जवळपास नव्हते. तिची रोकड, दागिने, कपडेलत्ते, तिने कमावलेले पैसे नवऱ्याच्या मालकीचे होत. तिच्या जमिनीचे उत्पन्न त्याच्या हाती जाई. त्याच्या संमतीवाचून तिला मृत्युपत्रही करता येत नसे. आपल्याकडच्या हिंदू धर्मशास्त्रात स्त्रीधन नावाची, कितीही आक्रसलेली का असेना, एक स्वतंत्र कल्पना तरी होती. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात तेवढाही आधार नव्हता. श्रीमंत बाप वकिलाकडून लग्नाचा करारनामा करून घेत, मुलीच्या नावे विश्वस्तांकडे रक्कम ठेवत आणि तिचा थोडा बचाव करत. ज्याला वकील परवडत नसे त्याच्या मुलीला हा बचाव नव्हता. दुसऱ्या बाजूला जमीनजुमला शक्यतो अखंड ठेवून थोरल्या मुलाकडे द्यायचा, धाकट्या मुलांना धर्मोपदेशकाची जागा, वकिली किंवा नौदल बघून द्यायचे आणि मुलींना एक ठरावीक रक्कम द्यायची, ही जमीनदार घराण्यांची रीत होती. मुलीच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे लग्नाच्या बाजारातले तिचे भांडवल, आणि लग्न झाले की ते भांडवलही तिचे राहत नसे.

आता १८१३ ची ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ घ्या. बेनेटांच्या इस्टेटीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे, पण ती वारसाहक्काने फक्त पुरुषाकडे जाणार असे बांधून ठेवलेले असल्यामुळे पाच मुलींपैकी एकीलाही तिच्यातले काही मिळणार नाही. ती दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे जाईल. मुलींसाठी आहेत ते आईच्या करारनाम्यातले ५,००० पौंड. कॉलिन्स दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालताना तिच्या वाट्याचा हिशोब तोंडावर सांगतो: चार टक्क्यांच्या रोख्यांत १,००० पौंड, तेही आईच्या मागे. म्हणजे वर्षाला ४० पौंड. शिवाय ऑस्टिन एक बारीक गोष्ट सांगते, जी बहुतेक वाचक ओलांडून जातात. हे ५,००० पौंड मुलींत कोणत्या प्रमाणात वाटायचे ते आईबापांच्या इच्छेवर सोडलेले होते. पाच बहिणींच्या घरात आईचे लाडके कोण आणि बापाचे लाडके कोण, हा प्रश्न या एका कलमामुळे केवळ मायेचा राहत नाही. सर्वांत धाकट्या लिडियाला पळवून नेलेल्या विकमशी तोडगा काढताना पहिली अट हीच असते की ५,००० पौंडांतला तिचा पाचवा हिस्सा लेखी बांधून द्यावा.

आणि ही वेळ आली कशी? लग्नाच्या सुरुवातीला बेनेट यांनी पैसा साठवण्याचा विचारच केला नाही, कारण मुलगा होणार हे दोघांनीही गृहीत धरले होते. तो सज्ञान झाला की बापलेक मिळून इस्टेटीचे बंधन मोडतील आणि धाकट्या भावंडांची सोय होईल असा बेत होता. एकामागून एक पाच मुली झाल्या, लिडियानंतरही कितीतरी वर्षे आई मुलाची वाट पाहत राहिली, आणि आशा सुटली तेव्हा काटकसर सुरू करायला उशीर झाला होता. मराठी वाचकाला हे घर परके वाटू नये. बेनेटबाईंच्या चंचलपणावर हसणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावतो. त्या बाईचा उतावीळपणा म्हणजे एका न जन्मलेल्या मुलावर टाकलेल्या भिस्तीचे उरलेले व्याज आहे.

लिडियाचे लग्न लंडनमध्ये उरकते आणि ती नवऱ्यासह माहेरी येते. वय सोळा. सगळे जेवायच्या दालनात जायला निघतात. आजवर आईच्या उजव्या हाताला चालण्याचा मान थोरल्या जेनचा. लिडिया मिरवत पुढे होते आणि जेनला सांगते की आता तुझी जागा मी घेणार, तू खाली सरक, कारण मी लग्न झालेली बाई आहे. या एका वाक्यात त्या समाजाचा सगळा शिरस्ता आहे. वयाने, समजूतदारपणाने, रूपाने जेन वर आहे; परंतु ज्या लग्नासाठी एलिझाबेथवर जीव असलेल्या डार्सीला पैसे मोजावे लागले त्या लग्नानेसुद्धा लिडियाला थोरलीच्या पुढे नेऊन बसवले. लिडियाला निर्लज्ज म्हणणे सोपे आहे, आणि ती निर्लज्ज आहेच. पण तिने नियम मोडलेला नाही. तिने नियम जसाच्या तसा पाळला आहे, आणि लिडियाची बडबड सहन न होऊन आधीच खोलीबाहेर पळालेली एलिझाबेथ परतते ती नेमके हेच दृश्य पाहायला.

याच कादंबरीत एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस कॉलिन्सला होकार देते तेव्हा तिच्या घरी काय होते तेही पाहा. शार्लटचे वय सत्तावीस. तिच्या धाकट्या बहिणींना आनंद होतो, कारण आता त्यांना एक-दोन वर्षे आधी समाजात वावरायला मिळेल. थोरली बिनलग्नाची असताना धाकट्यांना नाच-मेजवान्यांत आणणे त्या काळी खटकत असे. भावांना आनंद होतो, कारण बहीण अविवाहित राहून मरेल ही त्यांची धास्ती संपते. म्हणजे जन्मभर तिला पोसायचे कोणी हा प्रश्न मिटला. थोरलीचे अडले की पाठच्यांचे अडते, हे आपल्याकडे कोणत्याही घरात ऐकू येणारे वाक्य आहे. ऑस्टिनने त्यातला निःश्वास नेमका पकडला आहे. लुकसांच्या घरात कोणीही दुष्ट नाही, कोणी कोणाचा मत्सर करत नाही, आणि तरीही एका शहाण्या मुलीने एका मूर्ख माणसाशी लग्न केल्याचा आनंद सगळी भावंडे मनापासून साजरा करतात. मला वाटते, उघड भांडणापेक्षा हे दृश्य अधिक दुःखद आहे.

बहिणींच्या स्पर्धेचा सर्वांत कठोर अभ्यास मात्र १८१४ च्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये आहे. कादंबरी सुरूच होते तीन बहिणींच्या तीन लग्नांनी. एकीकडे फक्त ७,००० पौंड असताना तिला सर टॉमस बर्ट्रम मिळतो, आणि तिचा वकील मामाच म्हणतो की या स्थळाला शोभायला निदान ३,००० पौंड कमी पडत होते. दुसरी सहा वर्षे थांबून एका धर्मोपदेशकाशी लग्न करते. तिसरी घरच्यांना न जुमानता शिक्षण नाही, पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत अशा नौसैनिक लेफ्टनंटच्या गळ्यात माळ घालते आणि मग अकरा वर्षे बहिणींत बोलणे नाही. देखण्या मुली जितक्या असतात तितके मोठ्या मिळकतीचे पुरुष जगात नसतात, असे ऑस्टिन तिथेच सांगते. एकाच घरातल्या तिघी; एक सोफ्यावर कुत्रे कुरवाळत आयुष्य काढते, तिसरी पोर्ट्समथच्या कोंदट घरात नवव्या बाळंतपणाच्या तोंडावर बहिणींकडे मदत मागते. त्यांच्या बुद्धीत किंवा शीलात एवढे अंतर नव्हते. पहिली, लेडी बर्ट्रम, आणि तिसरी, मिसेस प्राइस, स्वभावाने जवळपास सारख्याच सुस्त आहेत हे ऑस्टिन पुढे स्पष्ट दाखवते. अंतर पाडले ते लग्नाने.

पुढच्या पिढीत मरिया आणि जूलिया या बर्ट्रम बहिणी हेन्री क्रॉफर्डवरून एकमेकींना दुरावतात. मरियाचे लग्न वर्षाला १२,००० पौंड असलेल्या रशवर्थशी ठरलेले आहे, म्हणून न्यायाने पाहता हेन्री हा जूलियाची मालमत्ता होतो, आणि जूलियाला ते पुरते ठाऊक असते, असे ऑस्टिन लिहिते. मालमत्तेची ही भाषा लेखिकेने जाणूनबुजून वापरली आहे. ज्या मुलींना कायद्याने स्वतःची मालमत्ता ठेवता येत नाही त्या न आलेल्या मागणीवर मालकी सांगू लागतात. घरच्या नाटकात हेन्रीच्या पात्राच्या आईची भूमिका मरियाला मिळते, जूलिया नाटकातून बाहेर पडते, आणि तेव्हा ऑस्टिन या बहिणींविषयी जो निवाडा देते तो तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे: दोघींचे हित एक होते तोवर त्यांची चांगली मैत्री टिकायला काही अडचण नव्हती, हित फाटल्यावर एकमेकींशी दयेने किंवा न्यायाने वागण्याइतकी माया किंवा तत्त्वनिष्ठा त्यांच्यात नव्हती. परिस्थितीने कसोटी लावली, पण कसोटीत उतरणे माणसाच्या हाती होते, असा हा निवाडा आहे. म्हणून माझे म्हणणे कोणी असे समजू नये की पैशाच्या हिशोबाने पात्रांची जबाबदारी संपते. याच कादंबरीत मिसेस प्राइसची मुलगी फॅनी आणि तिचा नाविक भाऊ विल्यम यांची माया आहे, आणि भावंडांच्या नात्याला ऑस्टिनने इतक्या उघडपणे कुठे गौरवले नसेल. अर्थात तिथेही विल्यमची बढती क्रॉफर्ड करवून देतो ती फॅनीने लग्नाला हो म्हणावे म्हणून. भावाचे भले बहिणीच्या होकाराशी बांधले गेले की प्रेमळ नात्यावरही केवढे ओझे येते, हे फॅनीच्या घालमेलीत दिसते.

आता भावांकडे वळतो, कारण हेवा फक्त बहिणींतच असतो हे गृहीतक १८११ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त टिकत नाही. एडवर्ड फेरर्स थोरला, रॉबर्ट धाकटा. पण या घरात पैसा आईच्या हातात आहे. एडवर्डने ३०,००० पौंडवाल्या मिस मॉर्टनला नाकारून गुपचूप वचन दिलेल्या लूसी स्टीलशीच लग्न करायचे ठरवताच आई नॉरफोकची वर्षाला १,००० पौंडांची इस्टेट रॉबर्टच्या नावे करून टाकते. मग ज्या मुलीपायी थोरला बेदखल झाला तीच मुलगी इस्टेट जिकडे गेली तिकडे जाते आणि रॉबर्टशी लग्न करते. अधिकार बाईच्या हाती आला तरी ती तो पुरुषी वारसाहक्काच्याच रीतीने, मुलांना एकमेकांविरुद्ध उभे करून वापरते, हे ऑस्टिनने दाखवले हे विशेष.

त्याच कादंबरीचे दुसरे प्रकरण भावंडांच्या नात्यावरचे माझ्या मते इंग्रजीतले सर्वांत भेदक प्रकरण आहे. जॉन डॅशवुडने मरत्या बापाला सावत्र आई व तीन सावत्र बहिणींना सांभाळण्याचा शब्द दिलेला आहे, आणि तो आपणहून प्रत्येकीला १,००० पौंड द्यायचे ठरवतो. बायको फॅनी बोलू लागते. आपल्या लहानग्या हॅरीचे एवढे पैसे काढून घ्यायचे? सावत्र बहिणी म्हणजे नाते तरी कसले? ३,००० चे १,५०० होतात. मग वाटते त्यापेक्षा आईलाच हयातभर वर्षाला १०० द्यावेत. पण वर्षासन बांधून दिले की माणसे मरतच नाहीत असे फॅनीचे म्हणणे, म्हणून अधूनमधून ५० पौंडांची भेट बरी. आणि शेवटी ठरते की सामान हलवायला मदत करावी आणि हंगामात मासे, शिकार पाठवावी. पायरीपायरीने माणूस स्वतःला प्रामाणिक समजत राहतो आणि शब्द बुडवतो. यात कोणी ओरडत नाही. हिस्सा सोडून देण्याच्या कागदावर बहिणींच्या सह्या घेतल्या जाताना आपल्या घरांतही आवाज असाच खालच्या पट्टीत असतो.

ऑस्टिनला हे दुरून दिसत नव्हते. १८०५ मध्ये तिचे वडील वारले तेव्हा आई, कॅसँड्रा आणि जेन या तिघींचा खर्च बराचसा भावांच्या वर्गणीवर आला. तिचा भाऊ एडवर्ड श्रीमंत नाइट कुटुंबाने दत्तक घेतलेला, केंट आणि हॅम्पशायरमध्ये इस्टेटी असलेला. चॉटनचे छोटे घर त्याने या तिघींना १८०९ मध्ये दिले. भाऊ वाईट नव्हते. जॉन डॅशवुडच्या मानाने तर फारच चांगले होते. पण त्या चार वर्षांत भाड्याच्या जागा आणि नातेवाइकांची घरे बदलत राहण्याचा अनुभव जिने घेतला तिला भावाच्या भलेपणावर अवलंबून राहणे म्हणजे काय हे कोणी सांगायला नको होते.

जॉर्ज इलियटच्या १८६० च्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’मध्ये आपण जमीनदारांच्या दिवाणखान्यातून गिरणीमालकाच्या घरात येतो, आणि इथे लग्नाचा बाजार मागे पडून भाऊ-बहीण हे नातेच मध्यभागी येते. मॅगी टलिव्हर हुशार, टॉम बेताचा; शिक्षण मात्र टॉमला. मॅगी शिक्षकांना विचारते की मला युक्लिडची भूमिती जमेल का, आणि स्टेलिंगसाहेब सांगतात की मुलींना वरवरची हुशारी पुष्कळ असते, खोलात जाता येत नाही. त्या चटपटीत आणि उथळ असतात. टॉमचा आनंद गगनात मावत नाही, आणि मॅगी इतकी खचते की तिला उत्तरही सुचत नाही. ज्या विषयात टॉम रोज रडकुंडीला येतो त्यात बहीण आपल्यापुढे जाईल ही त्याची भीती एका अधिकारी माणसाने एका वाक्यात दूर केली. त्याने बहिणीला हरवलेले नाही. जगाने त्याच्या वतीने तिला हरवून दिले. लहानपणीच टॉमने ठरवून टाकलेले असते की मॅगीला नेहमी सांभाळायचे, आपले घर तिने चालवायचे, आणि चुकली की शिक्षा करायची. पुढे घर बुडाल्यावर तोच टॉम वर्षानुवर्षे राबून बापाचे कर्ज फेडतो, आणि मॅगीने चार पैसे मिळवायला बाहेरून शिवण आणले तर त्याला अपमान वाटतो. बापाच्या वैऱ्याचा मुलगा फिलिप वेकम याला ती भेटल्याचे कळताच तो तिला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. तेव्हा मॅगी म्हणते की तू पुरुष आहेस म्हणून तुझ्या हाती सत्ता आहे, तुला जगात काही करता येते; आणि टॉमचे उत्तर असे की तुला काही करता येत नसेल तर ज्यांना येते त्यांचे ऐक. टॉमचे बोलणे क्रूर आहे, पण वस्तुस्थिती म्हणून खोटे नाही, आणि इलियटने ते त्याच्याच तोंडी घातल्यामुळे वाचकाला ते फेटाळून मोकळे होता येत नाही.

या कादंबरीत एक नव्हे तर भावंडांच्या तीन जोड्या एकमेकींना उजाळा देतात, आणि वर्गात त्यांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मॅगीचा बाप टलिव्हर याची बहीण ग्रिटी, गरीब मॉसशी लग्न करून आठ मुलांच्या ओझ्याखाली वाकलेली. भावाने तिच्या नवऱ्याला ३०० पौंड उसने दिले आहेत आणि तो ते वसूल करायला जातो. बोलता बोलता बहीण म्हणते की मॅगीलाही एकच भाऊ आहे, जसे आपण दोघे. टलिव्हर तणतणत घोड्यावर बसून निघतो, थोडे अंतर जातो आणि परततो, कारण त्याच्या मनात येते की मी बहिणीशी कठोर वागलो तर पुढेमागे टॉमही मॅगीशी तसाच वागेल. तो पैसे मागणे सोडून देतो. पुढे तो अंथरुणाला खिळल्यावर बापाचा हा मनोदय आठवून टॉम ती कर्जाची चिठ्ठी नष्ट करायला लावतो, घरात दमडी नसताना. टॉम न्यायी आहे; फक्त मॅगीच्या बाबतीत त्याला न्याय आणि शिक्षा यांतला फरक कळत नाही.

तिसरा संच मॅगीच्या आईचा, डॉडसन बहिणींचा. घर जप्त झाल्यावर मिसेस टलिव्हर कोठीच्या खोलीत बसून टेबलक्लॉथ काढून पाहतात. सूत स्वतः कातलेले, नक्षी स्वतः निवडलेली, आणि कोपऱ्यात त्यांचे माहेरचे नाव, एलिझाबेथ डॉडसन, अशा टाक्याने घातलेले की ते काढायचे तर कापडच कापावे लागेल. आता हे परक्या घरांत जाणार. विद्यार्थ्यांना इथे हसू येते. मला ते कधी येत नाही. माहेरच्या नावाने टाका घातलेले कापड कायद्याने नवऱ्याचे, म्हणून नवऱ्याच्या धनकोंचे. बहिणी कुटुंबसभेला जमतात, एखाददुसरी आवडती वस्तू घ्यायला तयार होतात, पण चांदी आणि चिनी मातीचे नाव काढू नकोस, झोपायला साधी गादी मिळते का ते बघ, असे मिसेस ग्लेग सुनावतात. मग आमच्या आईला, तुमच्या सख्ख्या बहिणीला, मदतच करायची नसेल तर आलात कशाला, असे मॅगी कडाडते. मिसेस ग्लेग यांना एवढ्या जोराने बोलता येते कारण त्यांच्याजवळ पैसा आहे. आणि तो का आहे हे त्यांचा नवराच एका भांडणात बोलून जातो: जणू करारनाम्याने बांधून दिल्यासारखा तिचा पैसा मी तिला ठेवू दिला. ‘ठेवू दिला’, एवढेच. एका बहिणीला तिचा पैसा ठेवू दिला, दुसरीला नाही, आणि दोघींत उभी भिंत आली.

याच मिसेस ग्लेग शेवटी काय करतात पाहा. स्टीफन गेस्ट या तरुणाशी मॅगीचे नाव जोडले गेल्यानंतर सगळे गाव मॅगीवर उलटते, टॉम तिला दारातून परत लावतो, आणि आई तिच्याबरोबर बाहेर पडते. तेव्हा ही फटकळ, पैशाला चिकट मावशी म्हणते की पुरावा मिळेपर्यंत आपल्या रक्ताच्या मुलीला दोषी धरणार नाही, आणि तिला आपल्या घरी आसरा देऊ करते. भाऊ जे करू शकला नाही ते मावशीने केले. इलियटच्या स्वतःच्या आयुष्यात असे कोणी पुढे आले नाही. जॉर्ज लूइसबरोबर लग्नावाचून राहत असल्याचे तिने १८५७ मध्ये कळवल्यावर भाऊ आयझॅक इव्हान्सने संबंध तोडले, आणि १८८० मध्ये तिने जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केल्यावरच अभिनंदनाचे पत्र पाठवले. कादंबरीच्या शेवटी भावा-बहिणीला एका मिठीत आणायला दोघांना बुडवणारा पूर लागला, याबद्दल समीक्षकांनी पुष्कळ नाके मुरडली आहेत. मला तो शेवट कच्चा वाटतो, पण का कच्चा राहिला ते समजते: त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्या दोघांना जिवंतपणी एका घरात सुखाने ठेवील अशी वाट तिला खरोखरच दिसत नव्हती.

कायदा हळूहळू हलला. १८५७ मध्ये न्यायालयातून घटस्फोट शक्य झाला, तरी नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता आणि बायकोला त्याबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. १८७० च्या कायद्याने विवाहितेची कमाई तिची झाली, १८८२ च्या कायद्याने तिची मालमत्ताही. भावंडे आणि लग्न यांच्या संदर्भात मराठी वाचकाला चकित करील असा एक कायदा मात्र उलट दिशेचा आहे. वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न हे आपल्याकडे रूढ, कित्येक घरांत मुलांच्या भल्याचे मानलेले; इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने असे लग्न रद्दबातल ठरले आणि ते १९०७ पर्यंत तसेच राहिले. जेन ऑस्टिनचा भाऊ चार्ल्स याने १८२० मध्ये असेच लग्न केले होते, ते या कायद्याआधी. थॉमस हार्डीच्या १८९१ च्या ‘टेस’मध्ये स्टोनहेंजच्या दगडांवर अटकेची वाट पाहत टेस नवऱ्याला सांगते की माझ्यामागे धाकट्या लिझा-लूशी लग्न कर, आणि तो ती मेहुणी आहे म्हणून बिचकतो, तर आमच्याकडे लोक सर्रास करतात असे ती म्हणते. फाशीच्या उंबरठ्यावरची थोरली बहीण धाकटीला आपली जागा देते, आणि कायदा मध्ये उभा आहे. लिडियाने जागा हिसकावली होती. इथे ती दान होते.

स्पर्धा अटळच असते असेही नाही. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘वाइव्ह्ज अँड डॉटर्स’मध्ये मॉली आणि तिची सावत्र बहीण सिंथिया यांच्यामध्ये एकच पुरुष येतो, मॉली आतून तुटते, आणि तरी त्यांचे एकमेकींवरचे प्रेम टिकते, सिंथियाच्या जुन्या भानगडीचा बट्टा मॉली स्वतःवर घेते. त्या घरात डॉक्टर बापाची कमाई आहे, वाटणीची तलवार डोक्यावर नाही, हे लक्षात घ्या. आणि आपल्याकडच्या त्याच काळातल्या कादंबरीत, उदाहरणार्थ हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये, बहिणींची अशी स्पर्धा जवळजवळ दिसत नाही, कारण मुलीचे लग्न ती स्वतः काही ठरवू शकण्याच्या वयाआधीच झालेले असते. तिथे यमूचा दादा तिचा आधार आहे, आणि जाच आहे तो सासरचा. शंकरमामंजींसारख्या माणसाच्या हाती विधवेचा सगळा जीव. स्पर्धा करायलाही थोडी निवड असावी लागते, आणि यमूला तेवढीही नव्हती.

राहिला शेवटचा प्रश्न, लेखिकांनी स्त्रियांना असे का रंगवले. त्यांनी स्त्रियांना निर्मळ देवता केले असते तर अन्यायाची किंमत दिसली नसती. अन्याय सोसणारी माणसे त्यामुळे सुधारतात असे नाही. पुष्कळदा ती लहान होतात, शेजारच्या ताटात किती वाढले ते मोजू लागतात. ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’मध्ये मेरी मसग्रोव्ह बहीण ॲनचे लग्न कॅप्टन वेंटवर्थशी ठरल्यावर मनाला समजावते की ॲनपुढे काही आपल्या सासरच्या अपरक्रॉससारखी इस्टेट नाही, आणि वेंटवर्थला बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळू दिला नाही तर आपण तिच्याशी जागा बदलणार नाही. हा क्षुद्रपणा ऑस्टिनने सोडून दिला नाही, कारण आयुष्यभर कोणी पुढे चालावे याचेच गणित शिकवलेल्या बाईच्या मनात दुसरे काय उगवणार? त्याच घरात, त्याच शिकवणीत ॲन वाढली आणि वेगळी निघाली, हेही त्याच पुस्तकात आहे.

निबंध लिहायचा असेल तर वेगवेगळ्या कादंबऱ्यांतली हेवेखोर पात्रे गोळा करू नका. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चे दुसरे प्रकरण आणि ‘द मिल ऑन द फ्लॉस’च्या तिसऱ्या भागातली कुटुंबसभा समोरासमोर ठेवा. पहिल्यात दोन माणसे बंद दाराआड बोलतात आणि ज्यांचा वाटा जातो त्या हजर नाहीत; दुसऱ्यात जिचे सगळे गेले ती समोर बसली आहे आणि बोलणारे सगळे तिच्याच रक्ताचे आहेत. कोणाला बोलायची मुभा आहे, प्रत्येकाच्या नावावर त्या घडीला किती पौंड आहेत आणि ते कोणत्या कागदामुळे आहेत, हे दोन्ही ठिकाणी बारकाईने टिपून काढा, आणि निबंधाची मांडणी त्या टिपणावरून करा.